सड्यावरची हाळी

लग्न होऊन गगनबावड्याकडच्या डोंगरात आले तेव्हा मला वाटलं, बापानं लेक माणसात नाही, ढगात दिली. माझं माहेर गडमुडशिंगी. सपाट रान, ऊस, दारातनं कोल्हापूरला जाणाऱ्या वडापच्या जीपा. आणि इथं पावसाळ्यात धुकं असं दाटायचं की अंगणात ठेवलेली कळशी चाचपत शोधावी लागायची. धुतलेलं लुगडं चुलीवर धरलं तरी वाळायचं नाही. रानात पाऊल टाकलं की जळवा चिकटल्याच. एकदा पायाची जळू ओढून काढता काढता मी रडकुंडीला येऊन सासूला विचारलं, "आत्या, माणसं ऱ्हात्यात व्हय हो हितं?"

सासूला आमच्याकडं आत्याच म्हणतात. आत्या चुलीपुढनं म्हणाल्या, "मग आमी काय गवं हाय व्हय गं?" आणि माझ्याआधी स्वतःच हसत सुटल्या. जळवेवर मीठ टाकायचं असतं, ओढायचं नसतं, हे त्यांनी नंतर सांगितलं. आधी हसणं महत्त्वाचं.

नवरा एसटीत कंडक्टर, कायम बाहेर. घरात आम्ही दोघी आणि आत्यांची म्हैस. तो डोंगर मला आत्यांनीच दाखवला. उंबर पिकला की धनेश कुठल्या फांदीवर बसतात, शेकरू एका झाडावरनं दुसऱ्यावर उडी मारताना आधी शेपूट कशी हलवतं, भेकर भुंकलं की समजायचं जवळपास बिबट्या आहे. वाटेत गवा दिसला की आत्या डोक्यावर पदर घेऊन बाजूला उभ्या राहायच्या, गावातला एखादा थोरला माणूस समोरनं यावा तशा. गवाही आमच्याकडं एक नजर टाकून सावकाश निघून जायचा. मला आधी त्यांचं हसू यायचं. पुढं पुढं मीही पदर घ्यायला लागले.

घराच्या वर थोडं जंगल, आणि जंगल संपलं की सडा. सडा म्हणजे नुसता उघडा, सपाट कातळ. उन्हाळ्यात तव्यासारखा तापायचा, पण भादव्यात त्यावर पिवळ्या-निळ्या फुलांची अशी दाटी व्हायची की पाय कुठं टाकावा कळायचं नाही. सड्याच्या पार टोकाला कडा. तिथं जमीन संपली, खाली कोकण. गावची जनावरं सड्यावर चरायची, आणि धुक्यात त्यांना घरी आणायचं तर एकच उपाय, हाळी.

प्रत्येक घराची हाळी वेगळी. आमची म्हणजे आत्यांची. "आऽऽव बयेऽऽ, हुर्रऽऽ!" यातला 'बये' पोटातनं काढायचा, लांबवायचा, आणि 'हुर्र' वर चढवून पटकन तोडायचा. सड्याच्या घराकडच्या अंगाला उभं राहून आत्यांनी ती दिली की धुक्यात कुठंतरी गळ्यातली घंटा वाजायची आणि म्हैस आवाजाचा माग काढत सरळ चालत यायची. तिला वाट दिसत नसायची. आवाज जिथं, तिथं घर, एवढंच तिला ठाऊक.

माझ्या लग्नानंतरची काही वर्षं आमच्याकडं फिरायला म्हणून कुणी फिरकायचंसुद्धा नाही. मग कुणीतरी आलं, फुलं बघून गेलं, त्यानं दुसऱ्याला सांगितलं. दोन हजार सालानंतर तर रविवारी कोल्हापूरच्या मोटारसायकलींची रांग लागायला लागली. बरोबर भडंगाच्या पिशव्या, रंगीत रेनकोट, आरडाओरडा. आम्ही ज्याला नुसता कडा म्हणायचो त्याचा त्यांनी 'पॉइंट' केला. प्लास्टिक उचलता उचलता माझी कंबर मोडायची, मी शिव्या घालायचे. पण खरं सांगते, धुकं फाटून खालचं कोकण दिसलं की ती माणसं अशी गप्प व्हायची की माझा राग निम्मा तिथंच उतरायचा.

आणि आमच्या लोकांना एक खोड आहे. पावण्यानं घरातल्या कशाचं कौतुक केलं की ती वस्तू त्याच्या हातात ठेवायची. लोणचं चांगलं झालंय म्हणाला, घे बरणी. घोंगडं ऊबदार आहे म्हणाला, गुंडाळून दिलंच. आत्या तर यात पहिल्या नंबरच्या. एका रविवारी चार-पाच पोरांनी त्यांची हाळी ऐकली आणि पोरं म्हणाली, "आजी, लई भारी! आमालाबी शिकवा की."

झालं! आत्यांना चेव आला. "घशातनं काय काढतुयास रं? पोटातनं काढ. जेवला न्हाईस व्हय?" असं म्हणत त्यांनी हाळी शिकवली. पोरांनी ती कड्यावर जाऊन दिली, समोरच्या डोंगरावरनं ती परत आली, पोरं खूश. त्यांनी दुसऱ्यांना शिकवली. वर्षा-दोन वर्षांत दर रविवारी कड्यावरनं आमच्या घरची हाळी यायला लागली. म्हैस गोंधळायची. एकदा ती खरंच तिकडं गेली, तर त्यांनी तिला चपात्या चारल्या आणि फोटो काढले. मी आत्यांवर तडकले, "हे बरं नव्हं हां." आत्या म्हणाल्या, "हौस असती गं पोरांची."

मग तो भादव्यातला रविवार आला. म्हैस गाभण, दिवस भरत आलेले. दुपार कलली आणि बघता बघता धुकं उतरलं. आम्ही दोघी सड्यावर गेलो. आत्यांनी हाळी दिली. घंटा वाजली, अगदी जवळ. माझा जीव भांड्यात पडतोय तोवर कड्याकडनं आली, "आऽऽव बयेऽऽ, हुर्रऽऽ!" दहा तोंडांची, आणि चढवून-तोडून अगदी बरोबर. आत्यांनी परत दिली. कड्यावरच्यांनी त्याहून मोठ्यानं दिली. त्यांना वाटलं, इकडं पण आपल्यासारखंच कुणीतरी आहे, मजा करतंय. घंटा लांब जायला लागली, कड्याच्या दिशेनं.

आत्यांनी तोंडावर हात घेतला. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "म्या हाक मारली की ती वरडत्यात गं. आता काय करू?" तेवढ्यात पलीकडनं परत हाळी आली, न मागताच.

मी पळत सुटले. ओल्या कातळावर घसरत, बोंबलत. "गप बसा की, मुडद्यांनो! कुणी तोंड उघडलं तर कानाखाली जाळ काढीन!" रेनकोट दिसले. एकजण हसत म्हणाला, "काय झालं ओ मावशी?"

"म्हस जाईल खाली! गाभण हाय!"

एक मात्र मानलं पाहिजे. कोल्हापूरचा माणूस कितीही दंगा घालू दे, गाभण म्हैस म्हटलं की त्याच्या काळजात चर्र होतंच. सगळी जागच्या जागी चिडीचूप. एका बाईनं आपल्या लेकराच्या तोंडावर हात धरला. आणि मग आम्हाला ती दिसली. कड्याच्या अगदी कडेला, आमच्याकडं तोंड करून उभी. तिच्या मागं काहीच नव्हतं. पुढं जावं तर ती बिचकून मागं सरकेल, म्हणून मीही हलले नाही. देवा, एवढं बाळंतपण पार पडू दे, एवढंच मनात.

मागनं आत्यांची हाळी आली. आवाज फाटलेला, रडवेला. इकडनं कुणीही साद दिली नाही. म्हशीनं कान हलवले. दुसरी हाळी आली तशी तिनं पाऊल उचललं, आणि आमच्यामधनं वाट काढत, कुणाकडं न बघता, धुक्यात शिरली. मला हुंदका आवरेना.

ती सगळी माणसं मान खाली घालून आमच्या दारात आली. मी ओट्यावर धुमसत होते आणि आत्या चहा ठेवत होत्या. "बसा की पावणं, भिजलायसा." त्यातला एक डोळे पुसत म्हणाला, "आजी, शपथ, परत कधी वरडणार न्हाई."

"वरडा की," आत्या म्हणाल्या. "दिल्याली वस्तू माघारी घेत्यात व्हय? तुमाला दिली, तुमची झाली."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलल्या. म्हैस व्याली, रेडी झाली, आम्ही सगळ्या आळीला खरवस वाटला. पण आत्यांनी त्यानंतर हाळी दिली नाही ती नाहीच. गुडघे दुखायचे, तरी रोज संध्याकाळी स्वतः सडा तुडवत जायच्या, म्हशीच्या पाठीवर हात ठेवायच्या आणि तिला घेऊन यायच्या. मी भांडले, विनवण्या केल्या, "नवी काढा की एखादी." त्या म्हणायच्या, "जाऊ दे गं."

रविवारी कड्यावरनं हाळी यायची, कारण नवी माणसं येतच होती आणि ती कुणाकुणाकडनं शिकूनच यायची. म्हैस चरता चरता मान वर करून शेजारी उभ्या आत्यांच्या तोंडाकडं बघायची. ते मिटलेलं दिसलं की परत खाली घालायची.