बोगद्यापर्यंत मराठी

न्यू जर्सीहून न्यूयॉर्कला जाताना नदीखालचा बोगदा लागतो. वृंदाताईंचं मराठी त्या बोगद्याच्या तोंडाशी संपायचं. पिस्कॅटवेहून सकाळी त्या मला गाडीत घ्यायच्या आणि नागपुरी थाटात अख्ख्या ऑफिसची सालटी काढायच्या. बोगदा दिसला की, "चल, आता माणसात ये." पुढचा शब्द इंग्रजी. परतताना बोगदा संपला की, "हं, बोल आता."

मी फारशी बोलत नसे. शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी घरापुरतं. "तुझा आवाज रेडिओसाठी मस्त आहे," त्या म्हणाल्या होत्या, "बंद रेडिओसाठी." एकदा तोंडातून 'मावशी' निघून गेलं. "मावशी काहून म्हणतेस? मेकअप उतरतो माझा."

टोरांटोच्या एका बिझनेस चॅनेलच्या न्यूयॉर्क ऑफिसात त्या अँकर होत्या आणि मी त्यांच्या बातम्या लिहायचे. तरुणपणी टोरांटोत त्यांना हवामान वाचायला बसवलं होतं; बाईच्या तोंडून बाजाराचे आकडे लोकांना पटत नाहीत, असं तिथल्या साहेबाचं मत होतं. "मग मी पटवले," एवढंच त्या सांगायच्या.

त्यांचा एक नियम होता. कंपनीने माणसं काढली, तर आधी शेअरचं सांगायचं, माणसांचं नंतर. "आपले प्रेक्षक शेअरवाले. काढलेली माणसं टीव्ही पाहत नाहीत, खोकी भरत असतात." एकदा नोकरी गेलेला एक इंजिनिअर मुलाखतीत रडू लागला. ताईंनी ब्रेक घेतला आणि स्वतः उठून त्याला टिश्यू दिला. विरघळल्या, असं मला वाटलं. "नाक पुसा," त्या म्हणाल्या, "लाइटमध्ये चमकतंय."

मग या वसंतात, कार्यक्रम चालू असतानाच आमच्या मालक कंपनीचं पत्रक आलं. न्यूयॉर्कचं ऑफिस बंद. त्या, मी, सगळेच. शेअर बाजारातल्या कंपनीची बातमी म्हणजे द्यायलाच हवी. टोरांटोहून फोन आला, "तिलाच वाचू दे. प्रेक्षकांना आवडेल."

ब्रेकमध्ये मी स्टुडिओत गेले. घाबरले की मला मराठीच सुचतं. "ताई, आपलं ऑफिस बंद करतायत. नका ना वाचू तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठांवरची लिपस्टिक बोटाने नीट केली. मग इंग्रजीत म्हणाल्या, "लाइन लिही."

मी लिहिली. माणसं आधी लिहिली, शेअर नंतर. टेलिप्रॉम्प्टरवर ओळ वर सरकली, ताईंची नजर तिच्यावर क्षणभर अडली आणि त्यांनी ती वाचतावाचता उलटी केली. शेअर वर गेला आहे. न्यूयॉर्कचं ऑफिस बंद होत आहे. आवाज जराही हलला नाही. "आता तेलाचे भाव."

दुपारी परतताना गाडीत रेडिओही लावला नव्हता. बोगदा संपला. ऊन आलं. मी 'हं, बोल आता'ची वाट पाहत राहिले.

"लाइन चुकीची लिहिली होतीस," त्या म्हणाल्या. इंग्रजीत.

पिस्कॅटवेला माझ्या दाराशी गाडी थांबली. "येते, ताई," मी म्हणाले.

"हॅव अ गुड वन," त्या म्हणाल्या. दुकानातल्या अनोळखी कॅशियरला म्हणतो ना आपण, तसं.