टीचरांनी निवडलेलं नाटक

नवं नाटक हातात आलं की टीचर त्यातली सगळ्यांत छोटी भूमिका आधी वाचायच्या. घरचा नोकर, दारात आलेला पोस्टमन, शेजारची म्हातारी. त्या माणसाला बोलण्यासारखं काही असलं, तरच पुढची पानं उलटायच्या. "नुसता चहा आणायला कुणाला ठेवलं असेल तर ते नाटक आपल्याला नको," म्हणायच्या. "आपल्याकडे सगळे बोलायला येतात."

टीचर नंदाखाल गावच्या. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. महिन्यातल्या एखाद्या रविवारी दुपारी त्यांच्या ओट्यावर आम्ही मित्रमंडळी नाटक मोठ्याने वाचायला जमायचो. मी आणि माझे शेजारी पेडणेकर फुलपाड्याहून, शीला गोखिवऱ्याहून. वाचन संपलं की टीचर घरच्या केळ्यांची उन्हात वाळवलेली सुकेळी पुढे ठेवायच्या.

नाटक निवडताना त्यांच्या डोळ्यांसमोर माणसं असत. शीला फार सोशिक, म्हणून तिच्यासाठी कजाग सासू शोधून आणली. "घरी भांडता येत नाही ना? इथे भांडून घे," म्हणाल्या. शीला अशी काही भांडली की रस्त्यावरचा सायकलवाला थबकून बघत राहिला.

पेडणेकरांचा आवाज खणखणीत. नायक बहुधा तेच वाचायचे. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू सुधारला, पण शब्द ओठांवर येऊन अडकू लागले. त्यांनी फोन घेणं सोडलं, आमच्यात येणंही सोडलं. मी टीचरांना सांगितलं, तेव्हा त्या बस आणि रिक्षा करत पेडणेकरांच्या घरी आल्या. बरोबर एक नाटक होतं.

"यात एक बाप आहे," त्या म्हणाल्या. "घरात सगळे बोलतात, तो फक्त 'बरं' म्हणतो. पण घर त्याच्या 'बरं'वर चालतं. रविवारी या."

जिन्यात मी म्हटलं, "टीचर, त्यांना अपमान वाटेल."

"वाटेलही. घरी बसून तो कमी होतोय का?"

पेडणेकर आले. त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी त्यांना हाताला धरून घेऊन आल्या आणि बाजूला पायरीवर बसल्या. बापाची पाळी आली. पेडणेकरांचे ओठ हलले, आवाज निघेना. शीलाला राहवेना, त्यांच्या वतीने ती वाचणार, तोच टीचरांनी तिच्या हातावर हात ठेवला. आम्ही पुस्तकात बघत बसलो. बऱ्याच वेळाने पेडणेकर म्हणाले, "बरं." नाटक पुढे सरकलं.

त्यानंतर टीचर दर वेळी त्यांच्यासाठी थोडी मोठी भूमिका शोधायच्या. एकदा अंदाज चुकला. संवाद लांबलचक निघाला, पेडणेकर मध्येच अडखळले आणि पुस्तक आपटून उठून गेले. टीचर त्यांच्यामागे अंगणात गेल्या. "नाटक चांगलं होतं," त्या म्हणाल्या, "मी घाई केली." पुढच्या खेपेला त्यांनी तुटक बोलणारा एक रागीट वकील आणला. पेडणेकरांनी सगळा राग त्यात ओतला. त्या दिवशी ते घरी जाताना हसत होते.

मागच्या वर्षी टीचरांचे गुडघे फारच दुखू लागले आणि मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. आमचे रविवार रिकामे झाले. शीला म्हणाली, "आता निवडणार कोण?"

एका सकाळी फोन वाजला. भिंतीपलीकडे राहणारे पेडणेकर फोनवरून बोलत होते. एकेक शब्द जुळवत म्हणाले, "रविवारी... माझ्याकडे. नाटक मी... निवडलंय."

रविवारी मी आणि शीला गेलो. पेडणेकरांनी पुस्तकं वाटली. नायिकेचं पुस्तक त्यांनी हातातच ठेवलं आणि स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, "सुनंदा."

वहिनी पदराला हात पुसत आल्या. इतके रविवार त्या नंदाखालच्या पायरीवर बसल्या होत्या, पण वाचाल का असं त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. टीचरांनीसुद्धा नाही.

"मला नाही जमायचं," त्या म्हणाल्या.

"बस," पेडणेकर म्हणाले, आणि शेजारची खुर्ची त्यांनी स्वतःच ओढली.

वहिनींनी चष्मा लावला. पहिलं वाक्य त्यांनी स्वल्पविराम, पूर्णविराम काही न बघता एका दमात वाचून टाकलं, आणि मान वर करून विचारलं, "पुढचंही माझंच आहे ना?"