पांदणीनं आणलेली लाईट

केजच्या स्टँडवरून आमच्या गावाकडं निघालेल्या जीपमध्ये, पुढच्या सीटवर मांडीवर तारेचं भेंडोळं घेऊन बसलेली बाई दिसली, की ती सत्यभामा असं खुशाल समजावं. पायाशी पक्कड-टेस्टरची पेटी. "बाई, तुमी मागं बसा," असं कुणी म्हटलं तर ती म्हणते, "आधी आले, आधी बसले." आणि खिडकीबाहेर बघायला लागते. नवीन घर बांधलं की आमच्याकडं वायरिंगला तिलाच बोलावतात. पण हे आत्ताचं. आधी आमच्याकडं कुणी बोलावत नव्हतं.

ती मूळची परळीकडच्या धर्मापुरीची, धनगराची लेक. बापाची मेंढरं होती आणि घरात शिकलेलं कुणी नव्हतं. दहावीनंतर तिनं आयटीआयला इलेक्ट्रिशियनसाठी नाव घातलं, तर वर्गात मुलगी ती एकटीच. भावकीतले लोक बापाला म्हणाले, "शिवणकाम शिकव की पोरीला. तारांना हात लावून मरंल." बापानं तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "शिवणकामात सुई टोचत न्हाई का?" बाप हसला आणि विषय मिटला.

सरांनी सुरुवातीलाच शिकवलं ते तिच्या डोक्यात कायमचं बसलं. तांब्याच्या तारेत प्रत्येक अणूचा एखादा इलेक्ट्रॉन मोकळा असतो. तो कुठल्या एका अणूचा राहत नाही, धातूभर भटकत असतो. तारेच्या टोकांना बॅटरी जोडली की हे सगळे मोकळे इलेक्ट्रॉन एका बाजूला सरकायला लागतात. तोच करंट. आणि सरकतात किती हळू? तासाभरात जेमतेम वीतभर.

सत्यभामा उभी राहिली. "सर, मग बटन दाबल्याबरोबर बल्ब कसा लागतो?"

मुलं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी उलट तिलाच विचारलं, "बटनापासून बल्बापर्यंत तार रिकामी असते का?"

ती खाली बसली. मुलं हसतच होती, पण तिला उत्तर मिळालं होतं. बल्बाजवळचे इलेक्ट्रॉन आधीपासून तिथंच उभे असतात. बटन दाबलं की रेटा सगळ्यांना जवळजवळ एकदमच बसतो. कुणी कुठून यायची वाट बघावी लागत नाही.

लग्न झालं ते आमच्या गावाबाहेरच्या म्हाळूच्या वस्तीवर. म्हाळू म्हणजे तिचे सासरे. धनगरांची मोजकी घरं, ओढ्याच्या पलीकडं. नवरा हनुमान पावसाळा सरला की मोठा कळप घेऊन गोदाकाठी जायचा आणि पार उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचा. लग्नाच्या बोलाचालीतच सत्यभामानं सांगून टाकलं होतं, "मी काम सोडणार न्हाई." सासू मंजुळाबाईंना ते रुचलं नव्हतं. सून पेटी घेऊन केजला कामाला निघाली की त्या मुद्दाम दारात उभ्या राहायच्या, म्हणजे बाहेर पडताना तिला त्यांना ओलांडावं लागेल. सत्यभामा म्हणायची, "आत्याबाई, जरा सरका," आणि जायची. हळूहळू त्या सरकायला लागल्या.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक आली. सोमेश्वर आप्पा गावातले मोठे शेतकरी. त्यांचं पॅनल कधी पडलं नव्हतं. मतदानाआधी ते वस्तीवर आले आणि कुणाला मत द्यायचं ते सांगून गेले. विचारलं नाही, सांगितलं. ते गेल्यावर सत्यभामा बायकांना म्हणाली, "मत आपलं हाय. ज्याला द्यायचं त्याला द्या." एवढंच. पण ते आप्पांपर्यंत पोचलं, आणि पॅनल पडलं.

वस्तीची लाईट आप्पांच्या शेतातून यायची. निकालानंतर थोड्याच दिवसांत आप्पांच्या ट्रॅक्टरचा धक्का लागून शेतातला खांब आडवा झाला. चुकून लागला, असं ते म्हणाले. खांब परत उभा करायला वीज कार्यालयाची माणसं आली तेव्हा मात्र त्यांनी शेतात पाय ठेवू दिला नाही. वस्ती अंधारात गेली. अंधाराचं एवढं काही नव्हतं. बोअरची मोटार बंद पडली, त्याचं होतं. बायका ओढ्यापलीकडून डोक्यावर पाणी आणू लागल्या. आणि माणसांना पुरेल तेवढं पाणी मेंढरांना पुरत नाही.

म्हाळूनं धुतलेलं धोतर नेसलं, पागोटं बांधलं आणि आप्पांकडं निघाला. सत्यभामा सोबत गेली.

आप्पा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "म्हाळू, तुमच्यात लाईट आणली कुणी?"

"तुमी आणली, आप्पा."

"मग मीच नेणार. पारावर ये, चार लोकांपुढं हात जोड, चुकलं म्हण. उद्या खांब उभा करतो."

म्हाळूचे हात जुळायला निघालेच होते. सत्यभामानं ते धरले आणि खाली केले. सासऱ्याचे हात तिनं याआधी कधी धरले नव्हते.

"मामा, चला," ती म्हणाली. मग आप्पांकडं वळली. "मत दिलं ही चूक हाय व्हय? आमी हात न्हाई जोडणार."

"मग बस अंधारात."

"अंधारात बसू. पण कायम न्हाई बसणार."

घरी आल्यावर म्हाळूनं पागोटं काढून खुंटीला अडकवलं आणि म्हणाला, "आता काय करायचं ते तूच सांग."

तिनं ठरवलं होतं. आप्पांच्या शेताला वळसा घालून ओढ्याच्या कडेनं जुनी पांदण गेली होती. सरकारी वाट. वेड्या बाभळींनी बुजलेली, पण होती. सत्यभामा वस्तीवरच्या बायकांना जीपमध्ये घालून केजला वीज कार्यालयात घेऊन गेली. तिथल्या इंजिनीअर धनश्री मॅडम वयानं तिच्याहून लहान. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी पांदण बघायला स्वतः आल्या. काट्यांतून टोकापर्यंत चालल्या. म्हणाल्या, "लाईन नेता येईल. पण अंतर वाढतंय, बारीक तार चालणार नाही. जाड कंडक्टर घ्यावा लागेल. आणि ही वाट आधी मोकळी करून द्या."

ऊसतोडीचे कोयते घेऊन बायका बाभळींवर तुटून पडल्या. मंजुळाबाई सगळ्यांच्या पुढं. हातांत काटे मोडले, लुगडी फाटली. वाट जसजशी मोकळी झाली तसतसा म्हाळू त्यातून आपली घरची मेंढरं नेऊ लागला. असंच एकदा कळपानं पांदण या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून गेली होती, तेव्हा त्यानं मनातली शंका काढली.

"सत्यभामा, पयली लाईन सरळ होती. आता एवढा मोठा वळसा. लाईट यायला उशीर न्हाई व्हायचा?"

ती कोयता टेकवून उभी राहिली. "मामा, ह्या मागच्या मेंढराला ढोसा बरं."

म्हाळूनं काठीनं ढोसलं. ते पुढच्याला धडकलं, पुढचं त्याच्या पुढच्याला, आणि बघता बघता पार दुसऱ्या टोकाचं मेंढरू दचकून पुढं सरलं.

"मागचं मेंढरू तिकडं पोचलं का?"

"न्हाई. हितंच हाय."

"पण तिकडचं हाललं का न्हाई?"

"हाललं की."

"तारेत असंच असतंय. तार आधीच भरलेली. पळतो तो रेटा. इलेक्ट्रॉन लई हळू. आन् आपल्या घरातल्या लाईटीत तर रेटा घडीत पुढून, घडीत मागून. ते बिचारे जागच्या जागी झुलत्यात."

म्हाळूनं विचारलं, "मग परळीच्या वीज केंद्रातून ते हितवर येतच न्हाईत?"

"न्हाई. रेटा तेवढा तिकडून येतो. इलेक्ट्रॉन आपल्याच तारेतले."

"आन् मग जाड तार कशाला?"

"जाताना ते अणूंना धडकत्यात. वाट लांब तर धडका जास्त. तार तापते, रेटा कमी पडतो, मोटार उचलत न्हाई. तार जाड आसली की जायला जागा मिळती."

"पांदण रुंद आसली की मेंढरं चेंगरत न्हाईत," म्हाळू म्हणाला. मग थोडं पुढं गेला आणि परत वळला. "म्हंजी आप्पा म्हणतो लाईट माझी, तर त्यात त्याचं काय हाय?"

"वाट अडवायची ताकत. तेवढंच."

खांब आले त्या दिवशी जीवन आला. आप्पांची शेती बघणारा माणूस. पहिला खड्डा खणून झाला होता. "काम थांबवा," तो म्हणाला, "ही वाट आप्पांच्या बांधाची हाय." मजुरांनी टिकाव खाली ठेवले. सत्यभामा खड्ड्यात उतरली. कमरेपर्यंत आत. "थांबवायचं आसल तर आधी मला बुजवावं लागंल," ती म्हणाली. मंजुळाबाई खड्ड्याच्या काठावर फतकल मारून बसल्या. मग बाकीच्या बायका बसल्या. जीवननं आप्पांना फोन लावला, बाजूला जाऊन बराच वेळ बोलला. तेवढ्यात धनश्री मॅडम येऊन पोचल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "पांदण सरकारी आहे. आप्पांना म्हणावं, काही म्हणणं असेल तर कार्यालयात या." आप्पा कार्यालयात गेले नाहीत आणि पांदणीवरही आले नाहीत. जीवन निघून गेला. सत्यभामाला वर काढायला दोन बायका लागल्या. हे तिनंच मला नंतर सांगितलं.

खांब उभे राहिले, तार ओढली गेली. धनश्री मॅडमनी सगळं तपासलं आणि लाईन चालू केली, सकाळीच. बल्ब लागला तो उन्हात दिसलाही नाही. पण बोअरची मोटार गुरगुरली, पाइपातून आधी हवा, मग गढूळ पाणी, मग नितळ. मेंढरं हौदाकडं अशी धावली की म्हाळूचं पागोटं पडलं. मंजुळाबाई कुणाचं लक्ष नाही असं बघून डोळे पुसत होत्या.

दुपारी आप्पांची गाडी आली. नवा सदरा, हातात नारळ, सोबत फोटो काढणारा आणि जीवन. आप्पा हसत म्हणाले, "झाली का लाईन? चांगलं झालं. माझ्या गावातलं काम हाय, उद्घाटन करायला पायजे." म्हाळू गोंधळला. आजवर गावातलं कुठलंच काम आप्पांच्या नारळाशिवाय सुरू झालं नव्हतं.

सत्यभामा मीटरच्या पेटीजवळ उभी होती.

"नारळ फोडा की, आप्पा. मनाई न्हाई. पण लाईट सकाळीच आलीय."

"आसू दे. फोटूपुरतं बंद कर आन् मला बटन दाबू दे."

वस्तीवरची सगळी माणसं तिच्याकडं बघत होती. तिनं हात पाठीमागं बांधले.

"आता बंद व्हायची न्हाई," ती म्हणाली.

आप्पांनी नारळ जीवनच्या हातात दिला आणि गाडीत जाऊन बसले. फोटोवाल्यानं आलोच आहे म्हणून हौदावरच्या मेंढरांचा एक फोटो काढला.

आप्पांच्या नव्या बंगल्याचं वायरिंग तिला मिळालं नाही. ते तिला ठाऊकच होतं. पण त्या उन्हाळ्यात शेजारच्या गावांतून तिला बोलावणी यायला लागली, आणि आता ती पेटी घेऊन निघाली की मंजुळाबाई दारात उभ्या राहतात त्या भाकरीचं गाठोडं हातात द्यायला.