खायला काय मागतंय

कॉलेजात असताना मी हट्टाने फ्रेंच घेतलं. संस्कृतात गुण चांगले पडतात असं वडील कानीकपाळी ओरडत होते. म्हणूनच बहुधा घेतलं. मग लग्न होऊन सोलापुरात आले, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले आणि फ्रेंच पुण्यालाच राहिलं. सासूबाई अधूनमधून विचारायच्या, "त्या फ्रेंचनं भाकरी फुगते का गं?" फुगत नव्हती, हे त्यांनाही दिसत होतं.

सत्तर साल उलटून गेलं होतं. शहराच्या पूर्व भागात एका विणकराच्या घरी वरच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो. खाली मालकांचे दोन हातमाग. घरात ती माणसं तेलुगू बोलत, आमच्याशी मराठी. सूत महाग होत चाललं होतं, चादरी पडून राहत होत्या. एक माग बंदच होता. दुसराही बंद पडला, तर दोन्ही विकून मालक गिरणीत बदली कामगार म्हणून नाव घालणार होते. पन्नाशीच्या माणसाने रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर आत जायचं, नसेल तर डबा घेऊन घरी यायचं. नुसत्या कल्पनेने मालकीणबाई, म्हणजे आमच्या अक्का, रडायच्या.

अशात मुंबईच्या एका दलालाने निरोप धाडला. एक फ्रेंच व्यापारी बायकोला घेऊन विजापूर बघायला चालला आहे, वाटेत तासभर आणतो, काहीतरी खास विणून ठेवा. परदेशी लोकांना आपले लाल-हिरवे रंग भडक वाटतात, फिके वापरा. मालकांनी राखाडी आणि पांढऱ्या सुताची चादर विणली. "ह्यो काय रंग हाय व्हय बाई? चुलीतली राख!" असं मला म्हणाले, पण काठ इतका नेटका आणला की मी हात फिरवत बसले.

दलाल मुंबईत राहत असले तरी मूळचे मद्रासकडचे. त्यांना इंग्रजी उत्तम, हिंदी कामापुरती, मराठी नाही. व्यापाऱ्याचं इंग्रजी दोन वाक्यांत संपायचं. म्हणून दुभाषी म्हणून मी. इतक्या वर्षांनी माझ्या फ्रेंचची कोणाला तरी गरज पडली, तेव्हा मी ठेवणीतली साडी नेसले.

पाहुणे आले, चहा झाला, माग बघून झाला. मग मालकांनी आपल्या रीतीप्रमाणे केलं. पाहुण्याचा मान ठेवायचा म्हणून कुंकू लावलं, हातात नारळ दिला आणि ती राखाडी चादर उलगडून त्याच्या खांद्यावर घातली. दाखवायचा नमुना तोच, आणि सत्काराची शालही तीच! आमच्याकडे यात कोणाला काही वावगं वाटलं नसतं. व्यापारी मात्र भेट मिळाल्यासारखा हसून वाकला.

मी लगेच सांगितलं, हा नमुना आहे, अशा पुष्कळ विणून देतील, आपल्याला पसंत आहे का? तो म्हणाला, फार सुंदर, फार सुंदर. बायको त्याच्या कानाशी लागली की बॅगेत जागा नाही, कुठे कोंबणार आहेस? त्यावर खांदे उडवून तो तिला म्हणाला, "सा न मांज पा द पँ."

शब्दशः, ते पाव खात नाही.

मला ते क्षणात कळलं, आणि कळलं ते मराठीत. सासूबाई माळ्यावरची चेपलेली परात टाकू देत नसत, तेव्हा हेच म्हणत. राहू दे की, खायला काय मागतंय! चादर घ्यायची ती एवढ्यासाठीच. मागणीबिगणी काही नव्हती.

"काय म्हणाले?" दलालांनी इंग्रजीत विचारलं. मालक, अक्का, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. पाव खात नाही असं इंग्रजीत सांगितलं असतं तर दलाल हसले असते. मी म्हटलं, घ्यायला हरकत नाही, असं म्हणतात. इंग्रजीत त्याला तेवढंच म्हणतात. वाक्य बरोबर होतं, पण त्यातले उडवलेले खांदे गेले होते. मी घाईने पुढे जोडलं की विकत घेण्याबद्दल ते काही बोललेले नाहीत. पण दलाल तोवर मालकांकडे वळले होते. "रख लिया! समझो काम हो गया."

मालकांनी मागाला हात लावून तो कपाळाला टेकवला. मी पुन्हा व्यापाऱ्याला सरळ विचारलं, मागणी देणार का? तो गोड हसला, पॅरिसला जाऊन कळवतो म्हणाला आणि गाडीत बसला.

संध्याकाळी अक्कांनी साखर वाटली. मी जिन्यावर मालकांना गाठलं आणि तो नेमकं काय म्हणाला ते मराठीत सांगितलं. एका वाक्यात काम झालं. मालकांच्या हातातली साखर तशीच राहिली.

"आसं म्हनला व्हय," ते म्हणाले. "तुमी आदीच का बोलला न्हाई, आसं न्हाई म्हनत मी. बोलूनबी काय झालं आसतं?" खरंच काय झालं असतं? मला आजही सांगता येत नाही, आणि याचाच मला संताप येतो.

पॅरिसहून काही आलं नाही. पावसाळ्याआधी चालू माग हातगाडीवर चढला. मालक गिरणीच्या फाटकाशी उभे राहू लागले. कधी आत जात, कधी डबा घेऊन परत येत. बंद माग तेवढा कोणी नेला नाही; त्याचा सांगाडा अंगणात काढून ठेवला होता.

एकदा दुपारी शाळेतून परतले तर अंगणात अक्का त्यांच्यावर चिडल्या होत्या. तो सांगाडा मोडून सरपण करा, निदान न्हाणीला जागा होईल, असं तेलुगूत म्हणत होत्या; एवढं मला आता कळायचं. मालक त्याच दिवशी फाटकावरून परतले होते. न उघडलेला डबा त्यांनी मागावर ठेवला होता. मला बघून ते ओशाळले आणि अक्कांना मराठीत म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. त्यो काय खायला मागतोय व्हय?"