खातेदाराचं पूर्ण नाव

धुळ्याच्या त्या हॉलमध्ये सगळे हसले, तेव्हा मी माईक हातात धरून उभी होते आणि माझी आई मोरीत कशी पडून राहिली ते मी नुकतंच सांगितलं होतं. ते हसू आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

आधी आईचं सांगते. आई आणि नाना, म्हणजे माझे वडील, सावद्याला राहतात. नाना सकाळी चहा घेऊन केळीत गेले की जेवायलाच घरी येतात. संधिवाताने आईची बोटं अशी वाकली आहेत की मोबाइलचा पडदा त्यांना दादच देत नाही. म्हणून मी जळगावातल्या माझ्या घरून, पिंप्राळ्याहून, एक बोलका डबा, म्हणजे स्मार्ट स्पीकर, नेऊन तिच्या मधल्या खोलीत ठेवला. मी जळगावात कॉम्प्युटरचे क्लास घेते आणि त्या डब्यासाठी मराठीत बोलणारी लहानसहान ॲप्सही बनवते. केळीचा भाव सांगणारं एक बनवलंय. नाना ते रोज ऐकतात आणि रोज त्याला खोटं ठरवतात.

त्या डब्यात कंपनीनेच दिलेली मदतीची सोय आहे. 'मदत' म्हटलं की तो ठरवलेल्या माणसाला फोन लावतो. फक्त त्याआधी विचारतो, "खातेदाराचं पूर्ण नाव सांगा." टीव्हीवरच्या मालिकेत कुणी मदत मागितली म्हणून घरच्यांना फोन जाऊ नये, यासाठी ही खबरदारी. खातं मी नानांच्या नावाने उघडलं होतं. विजेचं बिल त्यांच्या नावावर, गॅस त्यांच्या नावावर, सातबारा त्यांच्या नावावर. दुसऱ्या कुणाचं नाव घालावं असं मनातसुद्धा आलं नाही.

आणि आई मोरीत घसरून पडली. तिने 'मदत' म्हणून हाक मारली. डब्याने ऐकलं, आणि खातेदाराचं नाव विचारलं.

लग्न झाल्यापासून आईने नानांचं नाव उखाण्याखेरीज कधी घेतलेलं नाही. बँकेत साहेबाने विचारलं तर ती माझ्याकडे बघते आणि मी सांगते. तिथे मोरीत सांगायला कुणी नव्हतं. ती म्हणाली, "घरचे." डब्याने पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "पोरीचे बाप." मग ओळख पटली नाही असं सांगून डबा गप्प बसला. नाना जेवायला येईपर्यंत आई ओल्या फरशीवर पडून राहिली. हाड मोडलं नाही, पण कंबर अशी सुजली की कूस बदलायलाही माणूस लागायचा.

राग आधी तिचाच आला. मी माझ्या नवऱ्याला नावाने हाक मारते, भांडताना तर आडनावासकट. "एकदा घेतलं असतंस तर काय आभाळ कोसळलं असतं?" मी तिच्यावर ओरडले.

"मले घ्यायचं नव्हतं असं नाही," आई म्हणाली. "तोंडालेच नाही आलं."

"घेऊन टाकायचं ना. मी काय मारलं असतं?" नाना म्हणाले.

मग मला नानांचाही राग आला, कारण त्यांनी तरी आईला नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. त्यांचं सगळं 'ऐकलं का'वर भागतं.

माझी ॲप्स मी हवी तशी बदलू शकते, पण मदतीचा तो प्रश्न कंपनीचा होता, त्याला मला हात लावता येत नव्हता. मी कंपनीला लिहिलं. आभार आले. पुन्हा लिहिलं. पुन्हा आभार आले. तेवढ्यात कळलं की कंपनीची माणसं धुळ्याला येतायत, आमच्यासारख्या ॲप बनवणाऱ्यांचा मेळावा घ्यायला. म्हटलं, आता समोरासमोरच विचारते. क्लासला सुट्टी दिली आणि पहाटेची एसटी पकडली.

धुळ्याच्या स्टँडवर रिक्षावाल्याने विचारलं, "कोठे जानं शे, ताई?" हॉटेलचं नाव सांगितल्यावर त्याने मला आरशातून एकदा न्याहाळलं आणि निमूट नेऊन सोडलं.

हॉलच्या दारातच मोठा फलक होता: तुमच्या घरात, तुमच्या भाषेत. आत थंडगार एसी, गळ्यात ओळखपत्रं, कॉलेजची पोरंपोरी, काही माझ्यासारखे क्लासवाले. स्टेजवर निळ्या टी-शर्टातला एक माणूस सकाळभर बोलत होता, आणि बोलत होता कशावर तर आईवर. पडद्यावर नऊवारीतली एक म्हातारी डब्याकडे बघून तोंडभर हसत होती. "गावातल्या आईला आता कुणाची वाट बघायला नको," तो म्हणाला. टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या.

प्रश्नांची वेळ झाली तशी मी उठले. सगळं नीट, क्रमाने सांगितलं. आई पडली, डब्याने नवऱ्याचं नाव विचारलं, ती घेत नाही, तर ओळख पटवायला दुसरा काही मार्ग द्या. एखादा खुणेचा शब्द द्या, काहीही द्या.

टी-शर्टवाल्याने छातीवर हात ठेवला. "सो स्वीट!" तो म्हणाला. "अजूनही नाव घेत नाहीत?" आणि हॉल हसला. पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून माझ्याकडे कौतुकाने बघितलं, जणू मी घरून गोड काहीतरी करून आणलं होतं. मग त्याला एकदम सुचलं. "अरे, मग डबा उखाणाच मागेल ना! उखाण्यात तर घेतात! मॅडम, या ना वर, तुम्ही एक घ्या." टाळ्या, शिट्ट्या. "घ्या, घ्या" असा एकच गलका झाला.

मी वर गेले नाही. जागेवरूनच म्हणाले, "मोरीत पडलेल्या बाईने आधी यमक जुळवायचं का?"

टी-शर्टवाल्याचं हसू तसंच होतं. "मॅडम, पर्सनली घेऊ नका."

"आई माझी आहे. पर्सनली नको तर कसं घेऊ?"

"तुमची सूचना आम्ही वर नक्की कळवतो," तो म्हणाला आणि त्याने माईक दुसऱ्याकडे द्यायला लावला. हे वर नक्की कुठे असतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

जेवणानंतर स्पर्धा होती. तेवढ्या वेळात चार पोरांनी उखाणे म्हणणारं ॲप बनवलं आणि पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं. डब्याने नवरीच्या लाडिक आवाजात उखाणा घेतला आणि अख्खा हॉल लोटपोट झाला. निघताना मला एक पिशवी मिळाली, तिच्यावर तीच नऊवारीतली म्हातारी छापलेली होती. पिशवी मी हॉटेलच्या पायरीवरच ठेवून आले.

परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत मी मनातल्या मनात त्या माणसाला शिव्या घालत होते. एरंडोल आलं तोवर शिव्याही संपल्या आणि एक साधी गोष्ट डोक्यात आली. डबा खातेदाराचं नाव विचारतो ना, मग खातेदार आईच का नको? पडणार ती, हाक मारणार ती, फोन नानांना लागणार. मग नाव नानांचं कशाला?

रविवारी सावद्याला गेले. आई खाटेवर बसून होती, कंबर शेकून झाली होती. जुनं खातं पुसलं आणि आधारवर आहे तसं तिचं पूर्ण नाव घातलं. "आता तुझं स्वतःचं नाव सांगायचं," मी म्हणाले. "मार हाक."

आई म्हणाली, "मदत."

"खातेदाराचं पूर्ण नाव सांगा," डबा म्हणाला.

आईने स्वतःचं नाव सांगितलं आणि ती थांबली. माझ्याकडे बघितलं. पुढचं नाव नानांचं होतं. बाईचं पूर्ण नाव म्हणजे मध्ये नवरा आलाच, आणि हे मला, फुशारकीने सगळं बदलायला आलेल्या बाईला, आईच्या तोंडाकडे बघेपर्यंत कळलं नव्हतं. डब्याने पुन्हा विचारलं आणि ओळख पटली नाही म्हणून सांगितलं. मी तो उचलून आपटणारच होते.

"तो कागद मांगते का?" आईने विचारलं.

"कसला कागद?"

"आधार वगैरे. नाव खरं का खोटं, ते पायते का?"

"नाही. आपण घालू तेच त्याला खरं."

"मंग माहेरचं घाल," आई म्हणाली.

लग्नात नानांनी ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं होतं, तेव्हापासून तिचं पहिलं नावसुद्धा बदललं. जुनं नाव मी फक्त मामाच्या तोंडून ऐकलेलं. ते इथे लिहीत नाही. हॉलभर लोकांना आईवर एकदा हसू दिलं तेवढं पुरे. मी ते घातलं: तिचं नाव, तिच्या वडलांचं नाव, माहेरचं आडनाव. फोन तिच्या नावाने जाईल असंही केलं.

"मदत," आई म्हणाली.

"खातेदाराचं पूर्ण नाव सांगा."

आई खाटेवर जमेल तेवढी ताठ बसली आणि शाळेत हजेरी देतात तसं, खणखणीत, न अडखळता तिन्ही नावं बोलली. एवढ्या मोठ्या आवाजात तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. डबा म्हणाला, "ओळख पटली. फोन लावत आहे."

बाहेर ओट्यावर नानांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढला, हात लांब करून पडद्यावरचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं. घंटी वाजतच होती.

"ही कोन बाई?" त्यांनी ओट्यावरूनच विचारलं.

आईने मान दाराकडे वळवली. "तुमची बायको," ती म्हणाली. "पडली ती. या लवकर."