जपलेलं घर

बादलीत भिजत घातलेल्या शिंपल्यांचा खारट वास आला की मला शारजातलं आमचं भाड्याचं जुनं घर आठवतं. त्याच्या भिंती समुद्रातल्या प्रवाळ दगडाच्या होत्या आणि दमट दिवसांत त्या अगदी असाच वास सोडायच्या. नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा अरब घरमालक सांगत आला की हे घर आता जपायचं ठरलंय, इथे म्यूझियम होणार. आम्हाला कोण आनंद! लोक बघायला येतील म्हणून सासूबाईंनी घर सोडताना भिंती पुसल्या, अंगण धुतलं, उंबऱ्यावर रांगोळी काढली. दिवाळीत त्या घरीही एक पणती लावायचीच, असा त्यांनी हट्ट धरला, म्हणून शुक्रवारच्या सुट्टीत आम्ही नहदातल्या नव्या फ्लॅटमधून तिकडे गेलो. गल्ली तीच होती, घर नव्हतं. दगडामातीचा ढीग होता आणि त्यावर बुलडोझर चढलेला. "म्यूझियम बनानेवाले थे ना?" सासूबाई कशाबशा म्हणाल्या. तिथल्या कामावरचा मुकादम मात्र खुशीत होता. "म्यूझियम ही बन रहा है अम्मा, एकदम सेम टू सेम! पुराना तोडेंगे तभी तो नया पुराना बनेगा!" सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, खाली वाकून ढिगाऱ्यातल्या एका दगडावर पणती ठेवली आणि पेटवलीसुद्धा. परवा लेकीला ते म्यूझियम दाखवायला नेलं. "वॉव आई, किती वेल प्रिझर्व्ह्ड आहे!" ती म्हणाली. मी भिंतीला नाक लावलं. कसलाच वास आला नाही.