टीम वावर आणि बारा वाजताची हाक

आम्ही तिघं भेटलो की पहिला चहा येईपर्यंत सगळं बरं चाललेलं असतं. मग कोणीतरी म्हणतं, "तो ॲडमिन आठवते काय बे?" आणि संपलं! आवाज चढतात, टेबलावर हात आपटले जातात, आणि शेजारी बसलेल्या माणसाला वाटतं, आता इथे मारामारी होते. किस्से असेच साठतात. चांगलं वागलेली माणसं आम्ही विसरलो, पण ज्यांनी डोकं फिरवलं ते सगळे तोंडपाठ आहेत.

तिघं म्हणजे मी, वैशाली, अकोल्याची. शकील अमरावतीचा, घरचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. आणि गजानन, म्हणजे गजू, चांदूर बाजारचा, घरी संत्र्याची बाग आणि कपाशीचं वावर. आमच्याकडे शेताला वावर म्हणतात. आम्हा तिघांना एकच वेड होतं, कम्प्युटरवर शेती करायच्या एका परदेशी गेमचं. त्यात गहू होता, मका होता, बर्फसुद्धा होता. कापूस नव्हता! म्हणून त्या गेमसाठी आम्ही आमचा वऱ्हाडाचा नकाशा बनवला. असे नकाशे गेमचे चाहते बनवतात आणि फुकट वाटतात. बदल्यात मिळतं ते फक्त खाली लिहिलेलं नाव. आमचं नाव होतं 'टीम वावर'. हे सगळे किस्से त्या एका नावापायी झालेत.

* * *

सुरुवात सायबर कॅफेपासून. शेतीचे दिवस वाईट होते. ज्याला त्याला घरचे सांगत होते, शिक, नोकरी धर, पण वावरात पाय ठेवू नको. आणि आम्ही कॅफेत तासाचे पैसे भरून नांगरणी करत होतो!

अमरावतीच्या कॅफेचा मालक एकदा शकीलच्या मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं. मग सगळ्या कॅफेला ऐकू जाईल असं म्हणाला, "अख्खा जिल्हा वावर सोडून शयरात येऊन राहिला, अन् हा पोट्टा तिकीट काढून वावरात चालला!"

सगळे हसले. शकील आजही त्या गल्लीतून जात नाही.

* * *

मग आली ती स्क्रॅप लिहायची साइट. त्यावर मी 'वावर' नावाची कम्युनिटी काढली आणि तिथेच मला लोक भेटले. लोक म्हणजे कसले! माझं नाव पाहून पहिला प्रश्न, "मुलगी ट्रॅक्टरचा गेम खेळते? फेक आयडी." दुसरा म्हणे, "फोटो टाक." तिसरा म्हणे, "फोटोवरून काय समजते, फोन नंबर टाक." मुलगी असल्याचा पुरावा मागायची या सगळ्यांना भारी हौस! गियरबद्दल, पेरणीबद्दल एकानेही काही विचारलं नाही.

एकट्या शकीलने विचारलं. "वैशालीजी, तुमच्याकडे कपाशीच्या किती ओळींनंतर तुरीची ओळ टाकतात?"

मी लिहिलं, "आठ. पण मामांकडे दहा, अन् त्यावरून आमच्या घरी दर वर्षी भांडण."

शकीलने सगळ्यांना उद्देशून लिहिलं, "भांडण सांगितलं म्हणजे आयडी असली आहे. अब कोई कुछ नहीं पूछेगा." तेव्हापासून तो टीममध्ये. गजू त्यानंतर आला, कारण त्याला चित्रं चांगली जमायची आणि त्याच्या घरी स्वतःचा कम्प्युटर होता.

* * *

टीमचा एक नियम होता. जो येईल त्याने आपल्या घरची एक तरी गोष्ट नकाशात ठेवायची. मी आमच्या अंगणातली बाज ठेवली. शकीलने दुकानातल्या पंपाचा आवाज ठेवला, तोही बिघडलेल्या पंपाचा, कारण "चांगला पंप कोणाच्या वावरात ऐकला तुमी?"

गजूने ठेवली त्याच्या मायची हाक. नकाशात दुपारचे बारा वाजले की बांधावरून एक बाई जेवायला बोलावणार, अशी आयडिया. खिशात मोबाइल लपवून त्याने घरीच रेकॉर्डिंग केलं. आम्ही गेममध्ये लावून ऐकलं. उन्हात वावर पसरलेलं, ट्रॅक्टर चालू, आणि बांधावरून खणखणीत आवाज, "गज्याऽऽ! ऊठ ना त्या डब्ब्यापुढून! भाकर थंडी हून राहिली!"

"अबे, वावरात कोणता डब्बा?" शकील ओरडला. "हे तं तुह्या कम्प्युटरले बोलून राहिली! पुन्हा घे."

गजू म्हणाला, "माय सांगून बोंबलत नाही ना बे. भूक मले लागली पायजे अन् राग तिले आला पायजे, तवाच तसा आवाज निंगते."

डब्बा तसाच राहिला.

* * *

नकाशा तयार झाला तो आम्ही गेमच्या मोठ्या परदेशी फोरमवर टाकला. तिथला मुख्य माणूस 'ओल्डबार्न' या नावाने लिहायचा. दुसऱ्या दिवशी पाहतो तर आमचा नकाशा 'चुका आणि तक्रारी' या भागात! का? तर एका शेतात दोन पिकं दिसतात, कापूस आणि तूर. एका शेतात एकच पीक असतं म्हणे! कोणी सांगितलं याला? माझ्या आजोबांनी आयुष्यात एकच पीक कधी पेरलं नाही.

मी चार वेळा लिहून समजावलं. मग दुसरी तक्रार आली. पाऊस पडला की तुमच्या रस्त्यात ट्रॅक्टर अर्ध्या चाकापर्यंत रुततो, हा बग आहे, दुरुस्त करा.

तो रस्ता शकीलने अमरावतीजवळच्या भातकुलीचा, तिथल्या काळ्या चिखलासकट बनवला होता. शकीलचं इंग्रजी यथातथाच. पण तो इतका चिडला होता की त्याने मला विचारलंच नाही, स्वतः लिहून टाकलं, "सर, धिस इज नॉट बग. धिस इज भातकुली!"

* * *

तेव्हा आमच्याकडे बाहेरचे कॅमेरे फार यायचे. सुकलेलं वावर, डोक्याला हात लावलेला माणूस, एवढं घ्यायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत. एका रिपोर्टरला कळलं की चांदूर बाजारला एक मुलगा कम्प्युटरवर शेती करतो. आला गजूच्या घरी.

आधी म्हणाला, "चेहरा जरा उदास करा." गजूचा चेहरा मुळात हसरा, त्याला ते जमेना. मग म्हणाला, "शेतात उभे राहून वर आभाळाकडे बघा." वावरात गेले तर नेमका आठवडाभर चांगला पाऊस झालेला, कपाशी गुडघ्याच्या वर. रिपोर्टर वैतागला. "हे असं हिरवं नको हो! आम्ही इतक्या लांबून आलोय!"

पीक चांगलं आलं म्हणून शेतकऱ्याच्या पोरावर चिडणारा माणूस मी पहिल्यांदाच ऐकला. पण गजू म्हणजे भला माणूस. म्हणाला, "साहेब, गेममधी मे महिना लावून देऊ काय?"

रिपोर्टर म्हणाला, "लावा!"

* * *

स्क्रॅपची साइट बंद झाली. आमच्या गप्पा, नकाशाचे जुने तुकडे, कोणी काय बनवलं याची सगळी चर्चा तिच्यासोबत गेली. म्हणे, आम्ही आधी कळवलं होतं! कुठे कळवलं? ज्या ईमेलचा पासवर्ड मी कॉलेजमध्येच विसरले, त्यावर. भाडेकरूला काढतानाही घरमालक भांडी उचलू देतो.

मग आम्ही गेलो फोटो-लाइकवाल्या साइटवर. तिथे ग्रुप काढला आणि पुण्याच्या एका गृहस्थांना ॲडमिन केलं, कारण ते नीटनेटकं लिहायचे. ती आमची चूक. महिन्याभरात त्यांनी नियम लावला, "ग्रुपवर प्रमाण मराठीतच लिहावे." मग ग्रुपचं नाव बदलून केलं 'कृषी-क्रीडा मित्रमंडळ'. शकीलने विचारलं, "काहून बे?" म्हणजे नुसतं "का रे?", तर असभ्य भाषेबद्दल त्याला काढून टाकलं!

मी त्यांना फोन लावला. म्हटलं, "अहो, ज्याने अर्धा नकाशा बनवला त्याला काढलंत तुम्ही."

ते शांतपणे म्हणाले, "ताई, त्यांनी पुन्हा रीतसर अर्ज करावा. आपण सहानुभूतीने विचार करू."

आम्हीच बाहेर पडलो. आमच्याच घरातून!

* * *

तिथून मोबाइलवरच्या ग्रुपवर. नाव पुन्हा 'टीम वावर'. आता या नावाने घोटाळा असा झाला की कोणीतरी लिंक पुढे पाठवली आणि तिवसा भागातले खरे शेतकरी ग्रुपमध्ये आले. त्यांना वाटलं, हा सल्ल्याचा ग्रुप आहे. आम्हाला वाटलं, हे गेमचे नवे चाहते आहेत.

एकाने लिहिलं, "भाऊ, कपाशीले अळी लागली. बोंडं फोडून पायली तं आतून सगळी खाल्लेली. काय करू?"

शकीलने लगेच उत्तर दिलं, "सेव्ह नका करू. बंद करून मांगच्या आठवड्यापासून पुन्हा सुरू करा."

थोड्या वेळाने त्या माणसाचं उत्तर आलं. "असं करता येते काय भाऊ?"

 शकील दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तिवशाला त्या माणसाकडे जाऊन आला. काय बोलणं झालं ते त्याने आम्हाला अजून सांगितलेलं नाही. अळीचा राग कोणावर काढायचा, हेच त्या वर्षी कोणाला समजत नव्हतं.

* * *

आता मंडळी बोलायच्या ॲपवर आहेत, जिथे वेगवेगळ्या खोल्या असतात आणि माइक लावून गप्पा मारता येतात. गेमचा तो परदेशी फोरमही तिथेच आला, ओल्डबार्नसकट. आणि तिथे एक दिवस आम्हाला आमचाच नकाशा दिसला! तीच बाज, तोच बिघडलेला पंप, तीच कापूस-तूर. नाव मात्र 'टीम वावर' नाही. 'फार्मकिंग' नावाचा कोणी एक, आणि खाली त्याचं कौतुक करणाऱ्यांची रांग. वर त्याने व्हिडिओही टाकलेला. त्यात गेममध्ये बारा वाजतात, बांधावरून गजूची माय ओरडते, आणि हा इसम गंभीर आवाजात सांगतो, "ही तिथल्या स्त्रियांची पावसासाठीची प्रार्थना आहे."

प्रार्थना! त्या दिवशी माझ्या हातात माऊस होता म्हणून स्क्रीन वाचला, वाटी असती तर फेकून मारली असती.

तक्रार केली. ओल्डबार्न म्हणाला, पुरावा द्या. आमचा पुरावा जुन्या साइटबरोबर बुडालेला, फोरमवरच्या जुन्या पोस्ट ॲपवर येताना पुसलेल्या, आणि हजारो नकाशांत त्याला आमचा आठवेना. फार्मकिंग म्हणाला, ती बाई मी पैसे देऊन आणली होती. मी ओल्डबार्नला त्या वाक्याचा अर्थ सांगितला. तो म्हणाला, "मला तुमची भाषा येत नाही, मी कोणावर विश्वास ठेवू? ती बाई खरंच तुमची असेल तर तिचा आवाज ऐकवा. जुळला तर नकाशा तुमचा. नाही तर विषय बंद."

इतक्या वर्षांचं काम एका हाकेवर आलं. सगळे ॲपवरच्या खोलीत जमले, फार्मकिंगसुद्धा. गजूने माइक मायपुढे धरला. "माय, म्हण ना, भाकर थंडी हून राहिली."

"काहून म्हणू? आताच तं जेवला तू."

"अवं, ते लोकं ऐकून राहिले."

"मंग मी काय खोटं बोलू त्यायच्यासमोर?"

मी अकोल्याहून माइकवर हात जोडले, "काकू, एकदाच म्हणा हो." शकील म्हणाला, "खाला, इज्जत का सवाल है." काकू ऐकेनात. फार्मकिंग हसला, ते सगळ्यांना ऐकू आलं. माझं डोकं असं फिरलं की मी ओल्डबार्नला म्हटलं, "उद्या आमच्या दुपारी बाराला या. माइक चालू राहील."

फार्मकिंग आला, आणि ओल्डबार्नही. त्याच्याकडे सकाळ असावी, मागे कपबशीचा आवाज होता. गजू कम्प्युटरपुढे बसला. काकूंना आम्ही काही सांगितलं नव्हतं. बारा वाजले. गजू उठला नाही. अजून थोडा वेळ गेला. शकीलचा श्वास मला हेडफोनमध्ये ऐकू येत होता.

"गज्याऽऽ! ऊठ ना त्या डब्ब्यापुढून! भाकर थंडी हून राहिली!"

तोच आवाज, तीच पट्टी. वर यावेळी दोन शिव्याही होत्या. ओल्डबार्न म्हणाला, "जुळला." मग काकूंची पावलं जवळ आली.

"कोन बसले रे तुह्या डब्ब्यात?"

"ते परदेशातले साहेब हायत, माय. अन् ज्यानं आपलं वावर चोरलं, तो बी हाय."

काकू माइकजवळ वाकल्या असाव्यात, कारण आवाज एकदम कानात आला.

"जेवला नसंन तं भाकर खाऊन जा म्हणा त्याले. वावर नाही भेटत."